शेजारच्या आजोबांना सरकारकडून साडेचार लाख डॉलर? अमेरिकेतल्या शेती सबसिडीबद्दल कोणाला नीट माहितीये का

चिंचेचं_बुटुक:
दोन वर्षांपूर्वी आम्ही आयोवाच्या पश्चिमेला एका बारक्या गावात आलो, नवऱ्याची नोकरी इथल्या हॉस्पिटलात आणि मी घरून काम करते. गाव म्हणजे एक पाण्याची टाकी, एक धान्याचा एलेव्हेटर (म्हणजे उंच कोठार, शेतकरी तिथे माल घालतात), दोन चर्च आणि मग क्षितिजापर्यंत मका, मका संपला की सोयाबीन, ते संपलं की परत मका. शेजारी एक आजोबा राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, बायको वारली, शेती आता स्वतः करत नाहीत, पलीकडच्या गावातल्या एका तरुण शेतकऱ्याला दिलीये. माणूस एकदम लाख, आमचं बर्फ न विचारता काढून देतो, उन्हाळ्यात टोमॅटो आणून दारात ठेवतो. पण बोलायला बसले की एकच रेकॉर्ड, सरकार कसं आळशी लोकांना पोसतं, आम्ही कसं कुणाकडून कधी काही घेतलं नाही वगैरे.

तर झालं असं की ऑफिसातल्या एकीने सांगितलं की इथे कोणत्या शेतकऱ्याला सरकारकडून किती पैसे मिळाले ते नावानिशी, कौंटीनुसार (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) बघता येतं, सगळं उघड असतं. मी बघितलं. आजोबांच्या नावापुढे साडेचार लाख डॉलर!! मी दोन मिनिटं नुसती आकड्याकडे बघत बसले. वर त्यांची मागच्या उताराची मोठी पट्टी आहे तिथे गेली दोन वर्षं मी नुसतं कमरेएवढं गवत बघतेय, दाणा पेरलेला नाही, आणि त्याचेही पैसे मिळालेले दिसतायत. आणि आमच्या कौंटीच्या यादीत पत्ते बघावेत तर शिकागो, फ्लोरिडा, ॲरिझोना. फ्लोरिडात बसून आयोवाची कोणती शेती करतात हे लोक?

मला राग आलाय की मला काही कळलं नाहीये हेच कळत नाहीये. कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सोपं करून सांगा. आजोबांना विचारायची हिंमत नाही.

हिशेबनीस:
मी नेब्रास्कात एका बँकेच्या शेतीकर्जाच्या डिपार्टमेंटला अकरा वर्षं आहे, त्यामुळे हे कागद रोज हाताखालून जातात. आधी राग थोडा बाजूला ठेवा ताई, कारण तुम्ही बघितलेला आकडा बहुतेक एका वर्षाचा नाहीच. त्या याद्या १९९५ पासूनची बेरीज दाखवतात. साडेचार लाखाला तीस वर्षांनी भागा, वर्षाला पंधरा हजार येतात. कमी नाहीत, पण चारपाचशे एकरवाल्याचं एका कंबाइनचं (कापणी-मळणीच्या मशीनचं) रिपेअरिंगचं बिल त्यापेक्षा मोठं असू शकतं. शिवाय ते दर वर्षी पंधरा हजार असेही येत नाहीत, काही वर्षं शून्य आणि काही वर्षं एकदम घबाड.

आता गवताची पट्टी. ते सीआरपी असणार, कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, १९८५ च्या फार्म बिलातला (फार्म बिल म्हणजे शेतीचा मोठा कायदा, काही वर्षांनी नवा येतो). उताराची, माती वाहून जाणारी जमीन दहा ते पंधरा वर्षांच्या करारावर पिकातून काढायची, गवत किंवा झाडं लावायची आणि सरकार दरवर्षी एकरी भाडं देतं. म्हणजे दाणा न पेरणं हीच तिथली अट आहे. गवत वाढलंय म्हणून पडीक टाकलंय असं समजू नका, आयोवात १५ मे ते १ ऑगस्ट त्यात मशीन घालायला बंदी असते, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून.

मुख्य पैसा मात्र दुसरीकडे, पीएलसी (प्राइस लॉस कव्हरेज) आणि एआरसी (ॲग्रिकल्चर रिस्क कव्हरेज) या दोन योजनांत. २०१४ च्या फार्म बिलात आल्या, त्याआधी सरळ एकरी डायरेक्ट पेमेंट असायचं, भाव असो नसो. आता पीएलसी म्हणजे भावाचा खड्डा भरून काढणं. मक्याची कायद्यातली रेफरन्स किंमत, म्हणजे ज्याच्या खाली भाव गेला की फरक सरकार देतं ती, बुशेलला ३.७० डॉलर होती (बुशेल म्हणजे मक्याचे साधारण २५ किलो). २०१९ च्या पिकाला वर्षभराचा सरासरी भाव ३.५६ पडला, म्हणजे १४ सेंट कमी. समजा कोणाकडे मक्याचे १०० बेस एकर (ते काय ते खाली सांगतो) आहेत आणि कागदावरचा उतारा एकरी १५० बुशेल. पैसे मिळतात ८५ टक्के एकरांवर, म्हणजे ८५ गुणिले १५० गुणिले १४ सेंट, झाले १,७८५ डॉलर. बस. आणि ते हातात येतात पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर, २०१९ च्या पिकाचे २०२० च्या शेवटाला. २०२२ ला मका सहा डॉलरच्या वर गेला, तेव्हा पीएलसीचा एक छदाम नाही. २०२५ च्या कायद्याने ती रेफरन्स किंमत ४.१० केलीये आणि सोयाबीनची ८.४० वरून थेट १०, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत तुमच्या यादीतले आकडे फुगलेले दिसले तर दचकू नका.

आणि हे 'बेस एकर' म्हणजे यावर्षी काय पेरलंय ते नव्हे हां. त्या जमिनीला पूर्वीच्या पेऱ्यावरून चिकटलेला जुना आकडा आहे, बराचसा १९८० च्या दशकातला, मग २००२ ला अपडेट करायची मुभा दिली, २०१४ ला २००९ ते २०१२ च्या पेऱ्याप्रमाणे पिकापिकांत फिरवता आला. आपल्याकडे सातबाऱ्यावर एखादी नोंद पिढ्यान्पिढ्या चालत येते ना, तशीच गत. मक्याचा बेस असताना सगळीकडे सोयाबीन पेरलं तरी मक्याचा भाव पडला म्हणून मक्याचेच पैसे.

उगाच_एक_आयडी:
थोडक्यात, फुकट्यांना शिव्या देणारे स्वतःच फुकटे. आणि पेरलंय सोयाबीन, पैसे मक्याचे. वा रे वा.

सासरची_मका:
इतकं सोपं नाहीये हो ते. मी पुण्याची, नवरा इलिनॉयचा, सासर शेतकरी, चौथी पिढी. लग्न झालं तेव्हा मलाही हेच वाटायचं. मग एका वर्षी सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून सासूबाईंबरोबर मी कौंटीच्या एफएसए ऑफिसला (फार्म सर्व्हिस एजन्सी, या योजनांचं सरकारी ऑफिस) गेले, जुलैची १५ तारीख जवळ आली होती, वसंतातल्या पेऱ्याचा रिपोर्ट द्यायची शेवटची तारीख. टेबलावर विमानातून काढलेले नकाशे पसरलेले, एकेका तुकड्याला नंबर, आणि सासूबाई चष्मा कपाळावर सरकवून पेन्सिलने लिहितायत, ७ नंबर मका ६१.३ एकर, ८ नंबर सोयाबीन, ९ नंबरच्या कोपऱ्यात पाणी साठून पेरताच आलं नाही तो तुकडा वेगळा. दशांशापर्यंत! चुकीचं लिहिलं तर पेमेंट परत द्यायची वेळ येऊ शकते. ओढ्याकाठची पाणथळ जागा निचरा करून पिकाखाली आणली तर सगळ्याच योजनांतून बाहेर, तसा एक फॉर्मच सही करून द्यायला लागतो. तर अगदी फुकट असं नाही.

पण एक गोष्ट मलाही आजतागायत पटलेली नाही, ती कौंटीची हद्द. ट्रंपच्या पहिल्या टर्ममध्ये चीनशी व्यापारयुद्ध झालं तेव्हा चीनने सोयाबीन घेणं जवळपास थांबवलं आणि सरकारने नुकसानभरपाई काढली, दोन वर्षांत सुमारे २३ अब्ज डॉलर. पहिल्या वर्षी, २०१८ ला, सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला किती? एक सेंट. एक!! गावातल्या कॉफीच्या टेबलावर महिनाभर तोच विषय. मग २०१९ ला म्हणाले पीक बघायचं नाही, प्रत्येक कौंटीला एक एकरी दर, १५ डॉलरपासून १५० पर्यंत. आमची जमीन कौंटीच्या अगदी सीमेवर आहे, मधे खडीचा रस्ता. रस्त्याच्या अलीकडे वेगळा दर आणि पलीकडे वेगळा. तीच माती, तोच पाऊस, तोच एलेव्हेटर आणि तोच पडलेला भाव. सासरे काही बोलले नाहीत पण त्या वर्षी पलीकडच्या शेजाऱ्याशी बोलणं जरा कमीच झालं.

एआरसीचंही तेच. ती योजना मुख्यतः कौंटीच्या सरासरी उत्पन्नावर चालते. तुमच्या शेतात गारा पडून सगळं झोपलं पण बाकी कौंटीत पीक चांगलं आलं तर तुम्हाला काही नाही. उलट तुमचं भरघोस आलं आणि कौंटीची सरासरी पडली तर चेक.

आणि ताई, तुम्ही बघितलेल्या यादीत सगळ्यात मोठी गोष्ट नाहीच आहे. क्रॉप इन्शुरन्स. पॉलिसी खाजगी कंपन्या विकतात पण प्रीमियमचा सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास भाग सरकार भरतं, आणि कोणा शेतकऱ्याच्या पॉलिसीला किती सबसिडी गेली ते नावानिशी उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. बाकी योजनांना माणशी कमाल मर्यादा आहे, ९ लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असेल तर बाहेर असा नियम आहे, इन्शुरन्सला यातलं काही नाही. आमच्याकडे १५ मार्च ही तारीख वाढदिवसापेक्षा जास्त लक्षात ठेवतात, पॉलिसी घ्यायची शेवटची तारीख. फेब्रुवारीत डिसेंबरच्या कॉर्न फ्युचर्सची (मक्याच्या वायदे बाजारातल्या भावांची) सरासरी काढून विम्याचा भाव ठरतो, तो महिना सासरे दुपारचं जेवण फोनमध्ये डोळे घालून करतात.

काळी_माती:
थोडा इतिहास टाकतो, कंटाळा आला तर पुढे जा. हे सगळं सुरू झालं १९३३ ला, रूझवेल्टच्या काळात. मका इतका स्वस्त झाला होता की मिडवेस्टमध्ये लोक कोळशाऐवजी शेगडीत मका जाळत होते. कृषिमंत्री होते हेन्री वॉलेस, आयोवाचेच, म्हणजे तुमच्या आजोबांचे राज्यबंधू. उपाय काय काढला तर माल कमी करा, भाव वर येईल, आणि कमी पेरण्याबद्दल आम्ही पैसे देतो. उभा कापूस नांगरून टाकला, साठ लाखाच्या आसपास डुकरं मारली, तेही देशात लोक उपाशी असताना, त्यावरून वॉलेसना शिव्या बसल्या त्या जन्मभर पुरल्या. पैसा उभा केला तो गिरण्या, कारखाने अशा माल प्रक्रिया करणाऱ्यांवर टॅक्स लावून, आणि १९३६ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदाच उडवला. मग माती वाचवण्याच्या नावाने दुसरा कायदा आला, पैसे चालूच. सीआरपी वाचून म्हणूनच हसू आलं, युक्ती पन्नास वर्षं जुनी होती.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. दक्षिणेत कापसाच्या पट्ट्यात त्या पैशाचं काय झालं, तर चेक जमीनमालकाच्या नावाने यायचा, त्याने तो कुळांबरोबर वाटायचा असं कागदावर होतं. कित्येकांनी वाटला नाहीच, वर पेरा कमी झाला म्हणून कुळांना घराबाहेर काढलं. त्यातूनच १९३४ ला अर्कान्सॉमध्ये काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून युनियन काढली. तेव्हा यादीत नाव कोणाचं आहे ते बघून थांबू नका, पैसा शेवटी कोणाच्या खिशात राहतो ते बघा.

चिंचेचं_बुटुक:
बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. बेरजेचं ते माझ्या डोक्यातच आलं नाही, जरा लाजच वाटली. मी परत जाऊन वर्षनिहाय बघितलं तर खरंच, मोठे आकडे सगळे जुने आहेत, आजोबा स्वतः शेती करत होते तेव्हाचे, अलीकडे दरवर्षी तेवढाच एक छोटा आकडा, तो गवताचाच असणार.

काळी_माती, तुमचा मुद्दा धरून विचारते, आता जमीन त्या तरुण मुलाने घेतलीये तर मक्याचे पैसे कोणाला, त्याला की आजोबांना? आणि फ्लोरिडावाल्यांचं कोणीच सांगितलं नाही.

हिशेबनीस:
खंडाने दिलीये की बटईने त्यावर आहे. इथे ज्याला कॅश रेंट म्हणतात तो आपला खंड, ठरलेली रक्कम, पिको न पिको. त्यात पीएलसी-एआरसीचा सगळा पैसा कसणाऱ्याचा, मालकाला काही नाही. बटईने असेल, अर्धं अर्धं, तर सरकारी चेकही त्याच प्रमाणात दोघांना. सीआरपीचं भाडं आजोबांनाच कारण ती पट्टी त्यांनी कोणाला दिलेलीच नाही. तुमच्या वर्णनावरून खंडच वाटतोय.

पण मी दरवर्षी ज्या टेबलावर बसतो तिथलं सांगतो. वसंतात कर्ज मागायला पोरं येतात, तिशीतली, स्वतःची जमीन ऐंशी एकर, बाकी सगळी खंडाची. आयोवात सरासरी खंड एकरी पावणेतीनशे डॉलरच्या आसपास आहे, चांगल्या जमिनीला त्याहून बराच जास्त. सरकारने रेफरन्स किंमत वाढवली किंवा मधेच मदत जाहीर केली (२०२५ च्या मार्चमध्ये दिली ना, मक्याला एकरी ४२.९१, सोयाबीनला २९.७६, त्यातलेही आधी ८५ टक्केच हातात) की पुढच्या करारात मालकाच्या वकिलाचं पत्र येतं, खंड वाढवा. पोरगं नाही म्हणालं तर रांगेत दुसरा उभा आहे. मग चेक पोराच्या नावाने, यादीत नाव पोराचं, लोक बोलणार पोराला, आणि पैशातला चांगला वाटा खंडाच्या आणि जमिनीच्या भावाच्या वाटेने मालकाकडे. आयोवाची जमीन २०२३ ला सरासरी एकरी ११,८३५ डॉलर होती, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी दरवर्षी सर्व्हे करते त्यातला आकडा. एका एकराला, म्हणजे आपल्या चाळीस गुंठ्याला. नवीन माणसाने घ्यायची कशी.

हेच तुमचे फ्लोरिडावाले. बहुतेक जण वारसदार असतात, आईवडील गेले, पोरं शहरात, जमीन विकवत नाही. बटईने दिली असेल किंवा सीआरपीत टाकली असेल तर चेक त्यांच्या पत्त्यावर. ते तरी एकवेळ ठीक. खरी गंमत मोठ्या पार्टनरशिपमध्ये आहे. माणशी मर्यादा पूर्वी १,२५,००० होती, आता १,५५,०००. पण भागीदारी फर्म असेल तर मर्यादा फर्मला एकच लागत नाही, प्रत्येक भागीदाराला वेगळी मिळू शकते. शेतीत 'प्रत्यक्ष सहभाग' हवा अशी अट आहे, पण मॅनेजमेंट केलं म्हणजे सहभागच. २०१८ च्या बिलात तर कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडं, पुतणे, भाचे सगळे घेतले. नावं सांगत नाही, पण एका फाइलवर एक पुतण्या बघितलाय ज्याचा मॅनेजमेंटमधला वाटा म्हणजे महिन्याला एक फोन.

उगाच_एक_आयडी:
मी म्हणालो तेव्हा मला झोडपलंत आणि आता तुम्हीच तेच म्हणताय.

सासरची_मका:
तेच नाही म्हणत हो. तुम्ही आजोबांना फुकटे म्हणालात. एकूण पीकयोजनांच्या पैशाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा वरच्या दहा टक्के लोकांना जातो, कारण पैसा एकरांवर आणि बुशेलांवर आहे, गरजेवर नाही. आमच्यासारख्या मधल्यांना काय मिळतं ते वर हिशेबनीसांनी काढून दाखवलंच आहे. पण खरं सांगायचं तर २०२० ला मात्र आम्हीही हात पसरून घेतले. त्या वर्षी व्यापारयुद्धाचे उरलेले, कोविडचे, सगळं मिळून देशभरात सरकारने शेतकऱ्यांना थेट दिले ते ४५ अब्जांच्या वर. सासरे चेक बघून म्हणाले, मी वर्षभर ट्रॅक्टरवर बसून कमावत नाही तेवढं या पाकिटात आहे, आणि पाकीट उलटं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी बँकेत भरलंच अर्थात.

त्यांनाही कोणी तोंडावर सबसिडीवाले म्हटलं तर राग येतो. आम्ही इन्शुरन्सचा हप्ता भरतो, नियम पाळतो, मग ही मदत कशी, हा तर व्यवहार. मला वाटतं तुमच्या आजोबांच्या डोक्यातही असंच असणार, ते खोटं बोलत नसावेत. त्यांच्या मते ते घेतच नाहीत.

चिंचेचं_बुटुक:
अपडेट. न राहवून काल विचारलंच. सरळ नाही, म्हटलं तुमच्या मागच्या गवतात ते रंगीत पक्षी दिसतात ते कोणते. फेझंट म्हणाले, आणि गाडी आपोआप रुळावर आली. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून एक पिवळी पडलेली फाइल काढली, सीआरपीचा करार, वर बायकोचीही सही. म्हणाले ही पट्टी आम्ही दोघांनी घातली कारण दर पावसाला माती ओढ्यात जायची, तिला ते बघवायचं नाही. करार दोन वर्षांत संपतोय. तो तरुण मुलगा मागे लागलाय की परत घालू नका, मला मक्याला द्या, खंड भाड्यापेक्षा जास्त देतो. आजोबांचं ठरत नाहीये.

मग मी धीर करून म्हटलं, पण हे पैसे तर सरकारचेच ना. तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी भलतंच बोलले. "ते भाडं आहे," म्हणाले, "त्यांनी जमीन घेतलीये भाड्याने." सासरची_मका, तुम्ही अगदी बरोबर होतात.

यादीचं मात्र त्यांना आधीपासून माहीत होतं!! गावात सगळ्यांना माहितीये म्हणे, सगळे एकमेकांचे आकडे बघतात आणि कोणी बोलत नाही. जाताना म्हणाले तुलाही यादीत नाव हवं असेल तर सांग, कुंपणालगतचे दोन एकर विकतो. नवरा तेव्हापासून खरंच हिशेब करत बसलाय.

हिशेबनीस:
नवऱ्याला सांगा दोन एकरात काही होणार नाही, दहा किंवा कमी बेस एकर असतील तर पीएलसी-एआरसीचं पेमेंटच मिळत नाही, नव्याने शेतीत येणाऱ्यांना सूट आहे पण त्यासाठी आधी शेती करावी लागेल. टोमॅटो लावा म्हणावं.